कोणाला हात लावू देऊ नका

बाजारात त्याला सगळे पाचमिनिटे म्हणायचे. आडनावासारखं वाटलं तरी ते त्याचं आडनाव नव्हतं. कुठलंही घड्याळ हातात आलं की तो डोळ्याला भिंग लावून म्हणायचा, "पाच मिनिटं बसा." आणि गिऱ्हाईक दोन तास बसायचं. एकदा एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं होतं, तुमच्या दुकानातली पाच मिनिटं संपेपर्यंत मी जगेन ना? तेव्हा पाचमिनिटे हसला होता, पण घाई केली नव्हती. घाई त्याच्या अंगातच नव्हती.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, वाकणारा दिवा, छोट्या डब्यांची भिंत आणि रस्त्याकडे एक काचेची खिडकी. दारावर पाटी होती: 'जुने घड्याळ नव्यासारखे करून मिळेल.' चौतीस वर्षांत त्याने ही पाटी दोनदा रंगवली, शब्द बदलला नाही. नव्यासारखं हा त्याचा शब्द होता. नुसतं चालू करून दिलेलं घड्याळ त्याला अर्धवट धुतलेल्या भांड्यासारखं वाटायचं.

आता हातात घड्याळ घालतो कोण? सेल बदलायला आणि पट्टा लावायला माणसं यायची, तेवढीच. आणि त्यात जागेच्या मालकाने खोली विकायला काढली. मालक तसा बरा माणूस. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तुम्ही घेत असाल तर तुमची, नाहीतर मी मोकळा. पाचमिनिटे घरी येऊन जेवला, ताट उचललं आणि बायकोला म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं." एवढंच. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. घरी बसलेला हा माणूस तिला डोळ्यांसमोर आणताच येईना.

तोड काढली लेकीने. दुकानाच्या खिडकीत सव्वीस वर्षं एक घड्याळ टांगलेलं होतं. पाचमिनिटेच्या गुरूने हात थरथरायला लागल्यावर त्याला ते दिलं होतं. बाजूला दोन बटणं, तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या, शर्यतीची वेळ मोजायचं जुनं घड्याळ. त्याला कोणी विचारत नसे, म्हणून शोभेला लावलेलं. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडायचं आणि काळी तबकडी वर्षागणिक विटत विटत कडक चहाच्या रंगाची झाली होती. लेकीने सहज फोटो काढून इंटरनेटवर टाकला. दोन दिवसांत एका शौकिनाचा फोन आला. जुन्या घड्याळांसाठी तो देशोदेशी फिरत असे. लेक कामावर होती, म्हणून बोलली आई. तो म्हणाला ती रक्कम तिने दोनदा विचारून घेतली. तेवढ्या पैशांत खोली विकत घेता येत होती. शेवटी तो म्हणाला, "गुरुवारी येतो. तोवर त्याला कोणाला हात लावू देऊ नका."

तिने हे जसंच्या तसं सांगितलं. पाचमिनिटे म्हणाला, "बरोबर आहे. बाहेरच्याचा हात लागायलाच नको." त्याने घड्याळ खिडकीतून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि टेबलाच्या खणात कुलपात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली, तर घड्याळ उघडून टेबलावर पसरलेलं. ती दारातच थबकली. "अहो, तो म्हणाला होता ना..."

"कोणाला, असं म्हणाला. मी काय कोणी आहे का?" भिंगातला डोळा त्याने वर केलाच नाही. "एवढ्या लांबून माणूस येणार, त्याच्या हातात ही मेलेली तबकडी ठेवू?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तो गुणगुणत होता. वर्षभरात ती त्याचं गुणगुणणं विसरून गेली होती. तिने डबा ठेवला आणि ती घरी आली. लेकीलाही काही बोलली नाही.

चार दिवस तो त्यावर बसला. तबकडीचा विटका रंग कापसाने पुसून काढला, काळ्या रंगाचे तीन हात दिले, एका केसाच्या ब्रशने अंक नि अक्षरं पुन्हा उमटवली. डाग पडलेले काटे फेकून जपून ठेवलेले नवे लावले. घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच घासून आरशासारखं केलं. बुधवारी संध्याकाळी तो तिला म्हणाला, आयुष्यात असं काम हातून झालं नव्हतं. ते खरंही होतं.

गुरुवारी शौकीन आला. साधा, मऊ बोलणारा माणूस. पाचमिनिटेने रुमाल उलगडला. शौकिनाने घड्याळ घेतलं, दिव्याखाली फिरवलं आणि तबकडी डोळ्यांजवळ नेऊन धरून ठेवली. पाचमिनिटेला वाटलं, भारावला.

"जुने काटे आहेत?" शेवटी त्याने विचारलं.

"टाकले. गंजले होते."

"आणि तो चहाचा रंग?"

"गेला. एक ठिपका शोधून दाखवा." हे पाचमिनिटे अभिमानाने म्हणाला. मग त्याला त्या माणसाचा चेहरा दिसला.

शौकीन ओरडला नाही, तेच वाईट झालं. त्याने समजावून सांगितलं. अशी घड्याळं आणखीही आहेत, पण उन्हाने असा रंग चढलेलं लाखात एखादं. तो रंग कोणाला देता येत नाही आणि परत आणता येत नाही. "काम फार सुंदर केलंत," तो म्हणाला. "पण आता हे नुसतं घड्याळ आहे." चहा न घेता तो गेला.

संध्याकाळपर्यंत पाचमिनिटे बसून होता. मग त्याने बायकोला विचारलं, "फोनवर तो नक्की काय म्हणाला होता?"

तो काय म्हणाला होता हे दोघांनाही पाठ होतं. ती म्हणाली, "फोन खरखरत होता हो. मलाच नीट ऐकू आलं नसेल."

"तरी म्हटलं," तो म्हणाला. पण तिच्याकडे बघून नाही.

महिनाअखेरीला दोघांनी खोली रिकामी केली. डबे भरले, दिवा सोडवला, पाटी उतरवली. टेबल सरकवलं तेव्हा भिंतीच्या कडेला कापसाचा एक बोळा सापडला, कडक चहाच्या रंगाचा. तिने तो पटकन मुठीत घेतला.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही. कचरा."

त्याने सुपली तिच्यापुढे धरली आणि तशीच धरून उभा राहिला. तिने मूठ उघडली. बोळ्याकडे त्याने पाहिलं, सुपली नेऊन बाहेरच्या डब्यात झटकली आणि आत येऊन केर काढायला लागला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, खोली नव्यासारखी दिसेपर्यंत.