व्याह्यांच्या गावचा मुक्काम

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दिवेलागणीच्या सुमारास, माझा थोरला भाऊ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या किनाऱ्यावरून रबरी होडी वल्हवत समोर नांगरलेल्या आपल्या शिडाच्या बोटीकडे निघाला. तो बोटीपर्यंत पोहोचला नाही. अजून तो सापडलेला नाही.

ते त्याच्या व्याह्यांचे गाव. गावाचे नाव मी येथे देत नाही. मांडव्याहून गोव्यापर्यंत एकट्याने बोट न्यायची असे त्याने ठरवले, तेव्हा या गावी मुक्काम करायचा नाही हेही त्याने ठरवले होते.

दादा नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होता. शीड हाताळायला तो गंगापूर धरणावर शिकला, तेही पन्नाशी उलटल्यावर. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी बावीस फुटी बोट घेतली. तिला बसकी केबिन होती आणि तळाशी शिशाचा जड कणा. बोट मांडव्याला ठेवलेली असे. महिन्यातून एकदा तो कसारा घाट उतरून तिच्याकडे जाई आणि परत येताना अंगाला डिझेलचा वास घेऊन येई. प्रेसमधले मित्र त्याला विचारत, गोदावरीला पाणी कमी पडले का? तो म्हणे, उन्हाळ्यात पडतेच की.

मुक्काम ठरवण्याचे काम हिवाळाभर त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर चालले. किनाऱ्याचा सागरी नकाशा टेबलापेक्षा मोठा होता. कोपरे दुमडू नयेत म्हणून वहिनी त्यावर डाळींचे डबे ठेवत. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो होतो आणि जवळच राहत होतो. माझ्याकडे हवामानाचे काम होते. दादा निघाल्यावर मी रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज वाचायचा आणि त्याला कळवायचा, असे ठरले.

बंदर कसे निवडायचे हे त्याने आम्हाला त्या टेबलावर समजावले. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मंद वारा येतो. दुपारी वायव्येचा सुटतो, जोर धरतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. एकट्या माणसाने उजेड असतानाच मुक्कामी पोहोचले पाहिजे. मुक्कामाच्या जागेला वायव्येकडून आडोसा हवा. ओहोटीच्या वेळीही बोटीखाली पुरेसे पाणी हवे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असेल, तर चढत्या भरतीतच आत शिरायचे. आणि ठरलेल्या जागी शिरता आले नाही, तर जवळ दुसरी जागा हवी. धरणावर यातले काही लागत नाही, असे तो म्हणाला. तिथे नांगर सुटला तर बोट चिखलात जाऊन बसते आणि माणूस गुडघाभर पाण्यातून चालत येतो.

रेवदंडा, दिघी, दाभोळ, जयगड आणि पुढे विजयदुर्ग, असे मुक्काम निघाले. व्याह्यांचे गाव जयगडच्या दक्षिणेला. नकाशावर तिथे किनारा सरळ रेघेसारखा होता. दादाने त्यावर बोट ठेवून सांगितले की इथे वायव्येला काहीच आड नाही. मग तो वहिनींना म्हणाला, “त्यांना जयगडला भेटू. दोन दिवस थांबेन तिथे. गाडीने त्यांच्याकडे जेवून येतो.”

हे व्याह्यांना फोनवर सांगितले, तेव्हा ते आधी हसले. त्यांचा आवाज मोठा होता, टेबलापाशी सगळ्यांना ऐकू येत होता.

“व्याहीबुवा, आमच्या दारावरून जाणार आणि खाडीत जाऊन झोपणार? गावात काय सांगू मी?”

“तुमचा किनारा उघडा आहे हो.”

“उघडा कसला? आमच्या होड्या काय उडून जातात?”

“त्या तुम्ही वाळूवर ओढून घेता. माझी ओढता येत नाही.”

व्याही म्हणाले की ओढायला सगळा गाव लावतो. मग त्यांनी गंभीर होऊन सांगितले की त्यांचे घर किनाऱ्यालाच लागून आहे, ओसरीतून समोर समुद्र दिसतो, आणि आपले व्याही नाशिकहून स्वतःच्या बोटीने येणार हे त्यांनी गावात सांगून टाकले आहे. माणूस गाडीतून उतरला, तर लोक म्हणतील बोट कुठे आहे? फोन ठेवताना ते म्हणाले की लग्नानंतर चार वर्षे झाली, तुम्ही एकदाही मुक्कामाला आला नाहीत.

ते खरे होते. दादाची मुलगी आणि जावई पुण्यात राहत, त्यामुळे भेटी पुण्यातच होत. आमच्याकडे व्याह्यांच्या गावावरून जाऊन दुसरीकडे मुक्काम करणे हा साधा अपमान धरत नाहीत. तो पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशाला निघतो. दादाच्या स्वतःच्या लग्नात वहिनींच्या वडिलांना येवल्यात असेच काही तरी ऐकावे लागले होते आणि त्याचा उल्लेख घरात अजून होई.

दादा काही दिवस बधला नाही. एका संध्याकाळी वहिनी डबे उचलता उचलता म्हणाल्या, “अहो, तुमचं काय, तुम्ही शीड लावून पुढे जाल. बोलणी तिला खावी लागतील.”

मुलीला फोन केला. ती म्हणाली की बाबांनी अजिबात जाऊ नये, तिला कोणी काही बोलणार नाही, आणि बोलले तर ती बघून घेईल. फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या की ती असेच म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा मुक्काम बदललेला होता. जयगडला एकच रात्र, नंतरची व्याह्यांच्या किनाऱ्यासमोर. दादाने मला त्यातला फायदा दाखवला. जयगडहून विजयदुर्ग एका दिवसात गाठणे लांब पडत होते, आता ते अंतर दोन तुकड्यांत होणार होते. दोन नांगर टाकायचे, उजेडात जेवायचे आणि अंधार पडायच्या आत बोटीवर परत यायचे. रात्र बोटीवरच काढायची, व्याह्यांनी कितीही आग्रह केला तरी. हे त्याने त्यांना फोनवर कळवले आणि त्यांनी मान्य केले.

जयगडपर्यंतचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. दाभोळला भरतीसाठी त्याला बाहेर बराच वेळ थांबावे लागले. प्रत्येक मुक्कामाला वारा सूर्यास्तानंतर पडला. तो फोनवर आनंदात होता. दिघीला त्याला कोणी तरी बांगडे दिले होते आणि ते साफ करताना त्याने हाताच्या बोटाला कापून घेतले होते.

जयगडहून निघायच्या सकाळी अंदाज वेगळा होता. वायव्येचा वारा संध्याकाळनंतरही राहील आणि रात्री उशिरा कमी होईल, असे त्यात होते. मी ते कळवले आणि आणखी एक दिवस जयगडलाच राहता येईल का, असे विचारले. त्याचे उत्तर आले: “वाचलं. तिकडे स्वयंपाक सुरू झालाय. दोन नांगर टाकतो. जेवून लगेच बोटीवर.”

पुढचे मला व्याह्यांनी, विहीणबाईंनी आणि शेजारच्या एका मासेमाराने सांगितले. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

दादा दुपारी पोहोचला. किनाऱ्यावर बरीच माणसे जमली होती. त्याने दोन नांगर टाकले, बराच वेळ बोटीवर थांबून ते धरतात का ते पाहिले, डोलकाठीवरचा दिवा दिवसाच लावून ठेवला आणि रबरी होडीतून किनाऱ्यावर आला. ओसरीत त्याने लाइफ जॅकेट काढले. खाली इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. विहीणबाईंनी ते जॅकेट खुंटीला अडकवले.

जेवण उजेडातच वाढायचे ठरले होते. पण गावातली चार जाणती माणसे बोट बघायला आली, ती बसली आणि त्यांच्यासकट पंगत करावी असे व्याह्यांना वाटले. आणखी एक जण देवळाच्या बैठकीत अडकले होते, त्यांची वाट पाहण्यात वेळ गेला. दादा दोनदा उठला. पहिल्यांदा व्याह्यांनी हाताला धरून बसवले. दुसऱ्यांदा विहीणबाई म्हणाल्या की वड्यांचा दुसरा घाणा यायचा आहे, ताटावरून असे उठू नये. वारा पडला नव्हता. माडांचा आवाज मोठा होता, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागत होते, असे व्याह्यांनी सांगितले.

बोट सरकली आहे हे आधी पंगतीतल्याच एकाने पाहिले. मघाशी दिवा दोन माडांच्या मध्ये दिसत होता, आता तो डावीकडच्या माडाच्याही पलीकडे, खडकांच्या बाजूला गेला होता. तो माणूस थट्टेने म्हणाला, “व्याही, तुमची बोट तुम्हाला सोडून चालली.”

दादाने हात धुतले नाहीत. तो मागच्या दाराने, परसातून सरळ किनाऱ्यावर गेला. जॅकेट पुढच्या ओसरीत राहिले.

मासेमार वाळूवरच होता. त्याने दादाला थांबायला सांगितले. ते बोलणे त्याने पोलिसांपुढे आणि नंतर माझ्यापुढे त्याच शब्दांत सांगितले: “म्हटलं काका, थांबा, मशीन आणतो, दोघं जाऊ. ते म्हणाले, तोपर्यंत खडकावर जाईल ती.” मशीन म्हणजे होडीचे इंजिन, ते त्याच्या घरी होते. घर जवळ होते. तो परत आला, तेव्हा रबरी होडी लाटांच्या पहिल्या रांगेपलीकडे गेली होती. पांढरा शर्ट काही वेळ दिसला. मासेमार आणि त्याचा भाऊ होडी लोटून निघाले, पण लाटेने होडी आडवी केली आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरले.

सकाळी वारा पडला होता. बोट किनाऱ्यासमोर तरंगत होती. आधीच्या जागेपासून ती थोडी दक्षिणेला सरकली होती आणि तिथे थांबली होती. पहिला नांगर सुटला होता, दुसऱ्याने धरले होते. मासेमार वर चढला, तेव्हा केबिनचे कुलूप बाहेरून लावलेले होते. दुसरा नांगर उपसायला तीन माणसे लागली. खडक बोटीपासून बरेच दूर होते.

मी आणि वहिनी त्या संध्याकाळी गावात पोहोचलो. मुलगी आणि जावई आमच्या आधी आले होते. व्याही सकाळपासून किनाऱ्याने चालत होते आणि आठवडाभर ते रोज चालले. त्यांनी वहिनींपुढे हात जोडले. वहिनी म्हणाल्या, “मीच पाठवलं त्यांना.” मुलगी आत स्वयंपाकघरात होती. ती रात्री सासरच्या घरी राहिली नाही, आमच्याबरोबर रत्नागिरीच्या लॉजवर आली.

पोलीस ठाण्यात जबाब घेताना विचारले की नाशिकच्या माणसाने नांगरायला नेमकी हीच जागा का निवडली, जवळच जयगडची खाडी असताना. मी सांगितले की इथे त्याचे व्याही राहतात. त्यांनी ते तसेच लिहून घेतले.

नाशिकला परतल्यावर नातेवाइकांनी वहिनींना विधींबद्दल विचारले, आधी आडून, नंतर उघड. वहिनींनी नकार दिला. त्या कुंकू लावतात. हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे की नाही हे शेजारणींना ठरवता येत नाही, म्हणून यंदा संक्रांतीच्या दिवशी त्यांनी दार लावून घेतले. टेबलावर आता काही नसते. मुलगी वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांशी बोलते, आईशी कामापुरते. व्याह्यांचा फोन दर महिन्याला येतो. वहिनी तो घेतात, आणि काही कळले का, एवढेच दोन्हीकडून विचारले जाते.

गेल्या वर्षीच, एप्रिलमध्ये, देवगडच्या एका मासेमारी बोटीला खोल समुद्रात रबरी होडी सापडली. तिची एका बाजूची हवा गेली होती. एक वल्हे कडीत अडकलेले होते, दुसरे नव्हते. आत पाणी होते, आणखी काही नव्हते. पोलिसांनी फोटो पाठवला. वहिनींनी होडी ओळखली.