देवघरातला राउटर

"आमच्याकडून क्लिअर हाय, गुरुजी."

उंबऱ्याबाहेर उभं राहून, नजर पायरीवर ठेवून तो हे म्हणायचा. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत वायफाय दुरुस्तीला येणारा हा माणूस. असा एक नमुना तुमच्याही वाट्याला आला असेल.

जाहिरातीत वेग शंभरचा आणि जिथून मी परगावच्या यजमानांचे विधी मोबाइलवर सांगतो त्या माझ्या पूजेच्या खोलीत जेमतेम सहा. तक्रार केली की हा यायचा, ओट्यावर बसून बाहेरच्या तारेला लॅपटॉप जोडायचा.

"बघा, इथपर्यंत शंभर हाय."

"मग काय ओट्यावर श्राद्ध करू?"

त्यावर नुसती मान हलवायचा. कंपनीने या मख्ख माणसाला एक वाक्य पाठ करायला लावलं आणि गाडीवर बसवून गावात सोडलं, असं मी चारचौघांत सांगत असे. लोक हसत.

एकदा परदेशातल्या यजमानाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. त्याला येता आलं नाही, म्हणून तो मोबाइलवर समोर बसला होता. पिंडदानाला वडिलांचं नाव घ्यायचं, तर नेमकं चित्र अडकायचं. तिसऱ्या वेळी फोन पुन्हा लागला तेव्हा तो रडत होता. "गुरुजी, बाबांसाठी एवढंसुद्धा होत नाहीये माझ्याच्यानं."

मी या वायफायवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. दहा मिनिटांत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"बोल ना, काय करू?"

"तो डबा तांब्याच्या भांड्यांमागून काढा. खिडकीत ठेवा."

दसऱ्याला राउटरची पूजा करून मीच तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता, भांड्यांच्या मागे.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगाया लागलो, गुरुजी. तुम्ही म्हणला, सोवळ्यात आहे, मागं हो. मला देवघर शिकवू नको."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत.

खिडकीत साठ मिळाले. कंपनीचे शंभर काही दिसले नाहीत, पण यजमानाने वडिलांचं नाव सलग घेतलं. तोवर हा बाहेर उभाच होता. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "आत ये, जेवून जा."

"इथंच बरं हाय."

पायरीवर बसून तो खीर जेवला. पुन्हा तक्रार करायची वेळ आली नाही, त्यामुळे तो पुन्हा आला नाही. शेवटचा पाहिला तो तेव्हाच. पत्रावळ उचलून त्याने ओट्यावरच्या बादलीतलं पाणी घेतलं आणि बसला होता तेवढी पायरी, माझ्यादेखत, स्वतःच धुऊन काढली.