जावयासाठी चीजचं वाण

धोंड्याच्या महिन्यात जावयाला चीजचं वाण देणारा लातूर जिल्ह्यातला मी पहिला सासरा आहे. (जिल्हा नवा झाला तेव्हा बदली होऊन इथे आलो, तेव्हापासूनची खात्री मी देऊ शकतो. त्याआधी कुणी दिलं असल्यास माहीत नाही.) शेवटचाही मीच असेन, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं, तेही आलं तर! दोन निळे ड्रम, एक हंडा आणि तीन बादल्या, एवढंच आमचं धरण. हात धुतलेलं पाणी टबात, टबातलं फरशीला, फरशीचं संडासात, असा एकेका तांब्याचा आम्ही तीनदा उपयोग करत होतो. अशात अधिक महिना आला, आणि तोही लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. म्हणजे जावईबापूंना बोलावणं, पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारशांचं वाण, कपडे, सगळं आलं. मी निवांत होतो. मग पुण्याहून लेकीचा, अश्विनीचा, फोन आला.

“बाबा, निखिलच्या दुखण्याचं निदान झालं. त्याला गहू चालत नाही.”

“म्हणजे कमी खायचा?”

“अजिबात नाही खायचा. कणभरसुद्धा नाही. पोट बिघडतं.”

“बिघडतं म्हणजे किती?”

“गेल्या महिन्यात मित्राकडे एक शंकरपाळा खाल्ला त्याने. एक! दोन दिवस संडासातून बाहेर नव्हता.”

मी ड्रमांकडे पाहिलं.

जावयाची काळजी मला वाटली नाही असं नाही. वाटली, आणि मनापासून वाटली. लग्नातही त्यांचं पोट बिघडलं होतं आणि मी ते पुण्याच्या नाजूकपणावर घालून चारचौघांत हसलो होतो, त्याची लाजही वाटली. पण लाज वाटत असतानाच डोक्यात दुसरा हिशेब चालू होता. एका वेळेला अर्धी बादली धरली, दोन दिवस धरले, तर नळ यायला अजून नऊ दिवस होते! जावयाला घरात बोलवायचं आणि बादलीसाठी ताटकळत ठेवायचं? त्या विचारानेच मला घाम फुटला, आणि आंघोळ तीन दिवसांनी होती.

सौ. औशाच्या. घाबरणं त्यांच्या माहेरी कुणाला माहीतच नाही.

“धोंडे ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “अनारशाचं वाण देऊ. अनारसे तर तांदळाचे असतेत.”

“गिरणीत दळू नका हं आई!” फोनमधून अश्विनी ओरडली. “तिथे गहू दळतात. त्यातलं पीठ मिसळतं.”

“मिक्सरवर करते की.” मग त्यांचाच चेहरा पडला. “पन तांदूळ तीन दिस भिजवावे लागतेत. रोज पानी बदलावं लागतंय. इतकं पानी कुठून आनू?”

“बत्ताशे देऊ,” मी म्हणालो.

“पयला धोंडा हाय जावयाचा! बत्ताशे द्यायला आपन काय देवळात बसलोत का?”

अडचण अशी की, अधिकाच्या वाणाचा पदार्थ जाळीदार लागतो. अंगाला भोकं पाहिजेत, आणि नग तेहेतीस पाहिजेत. मैसूरपाक चालतो, पण बेसनही गिरणीचंच. शेवटी मी कंटाळून अश्विनीला विचारलं, “अगं, तो माणूस खातो तरी काय?”

“भात, वरण, भाज्या खातो. आणि चीज. चीज म्हणजे त्याचा जीव की प्राण.”

आणि मला ते चित्र आठवलं. लहान मुलांच्या पुस्तकात असतं बघा, उंदीर बसलेला असतो आणि त्याच्यापुढे पिवळा तुकडा. त्या तुकड्याला काय असतं? भोकं!

“अहो, खूळ लागलं का तुमाला?” सौ. म्हणाल्या.

“शास्त्रात जाळीदार म्हटलंय. अनारसाच पाहिजे असं कुठे म्हटलंय?”

शास्त्र त्यांनीही वाचलं नव्हतं, त्यामुळे तो मुद्दा मी जिंकला. अश्विनीने मात्र मला पंधरा मिनिटं शिकवणी दिली. साधं चीज चालतं. त्यात दूध, मीठ आणि विरजण एवढंच असतं. पण किसलेल्या चीजला कधी कधी पिठूळ काहीतरी लावतात, डब्यातल्या पसरायच्या चीजमध्ये घट्टपणासाठी काय काय घालतात, मसाल्याच्या चीजचा भरवसा नाही. सुटं कापून मिळतं ते तर नकोच नको. पाकीटबंद घ्यायचं आणि पाकीट वाचून घ्यायचं.

“पाकीट वाचायला मला शिकवतेस?” मी म्हणालो. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी उभी नोकरी केली. पाकिटं वाचूनच पेन्शनीला आलो. त्या एका गोष्टीवर माझा विश्वास होता, आणि तोच नडला.

लातुरातल्या मोठ्या दुकानात गेलो.

“भोकाचं चीज आहे का?”

“काका, चीजला भोकं पडली असती तर आम्ही माल परत पाठवला असता.”

त्याने किसलेलं पुढे केलं. मी चष्मा लावला. “ह्याच्यात स्टार्च लिहिलाय. कशाचा स्टार्च?”

“आता काका, मी काय आत जाऊन बघितलंय का?”

मी अर्धा तास दुकानातली सगळी चीजं वाचली. दुकानदाराने मधेच मला स्टूल दिलं, आणि नंतर ते परत मागितलं. शेवटी कुणीतरी सांगितलं की नांदेडला एका दुकानात बाहेरच्या देशांतली चीजं मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नांदेड गाठलं.

दुकान मोठं होतं, पण अर्ध्यात बेकरी! पाव, केक, खारी, बिस्किटं. हवेतसुद्धा मैदा असावा अशी मला शंका आली आणि मी रुमाल नाकाला लावला. काउंटरवरच्या माणसाने माझ्यासमोर पाव कापला, आणि तोच चाकू चीजच्या मोठ्या वडीला लावला.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाईंच्या हातातली खारी खाली पडली.

“काय झालं साहेब?”

“चाकू पावाचा आहे!”

“मग? चीज पावासंगच खातेत की!”

त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग त्याने मोठ्या अदबीने एक निळ्या शिरांचा तुकडा दाखवला. “हे घ्या. बाहेरच्या देशातलं हाय.”

“ह्याला बुरशी आलीय.”

“त्याचाच तर भाव हाय साहेब!”

मी अश्विनीला फोन लावला. ती म्हणाली, काही ठिकाणी ती बुरशी पावावर वाढवतात, नको. म्हणजे बुरशीलाही गहू लागतो! मी कुणावर विश्वास ठेवायचा?

अखेर खालच्या फळीवर पाकीटबंद वडी सापडली. दूध, मीठ, विरजण. शाकाहाराचा हिरवा ठिपका. शिवाय गहू नसल्याचं चिन्ह. आणि वर चित्र, भलंमोठं भोक असलेल्या चीजचं! मी ते पाकीट तीनदा वाचलं, दोनदा चष्मा लावून आणि एकदा काढून. मग रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला, डब्यात वडी ठेवली, आणि चार तास तो डबा मांडीवर धरून लातूरला आलो.

“मानसाला प्यायला पानी न्हाई,” सौ. दारातच म्हणाल्या, “अन् हे चीजला बर्फ लावून राह्यले!”

वाणाच्या दिवशी सकाळी लेक-जावई आले. जावईबापू सरळ, कमी बोलणारे. आल्या आल्या म्हणाले, “मामा, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास.” मला अगदी भरून आलं. ह्या माणसाला आपल्या घरात काही होता कामा नये, असं मी देवापुढे उभा राहून म्हणालो. त्यानंतर आत जाऊन पाकीट उघडलं.

भोक नव्हतं. एकसुद्धा नाही! साबणाच्या वडीसारखं सपाट चीज. नोकरीत असतो तर पंचनामा केला असता. पण आता वेळ कुठे होता? मी नवा चाकू काढला, त्याला उकळतं पाणी दाखवलं, तेहेतीस तुकडे केले. सौ.ची विणायची सुई घेतली, तीही उकळली, आणि एकेका तुकड्याला दोन-दोन भोकं पाडली. एवढी काळजी दवाखान्यात तरी घेतात का? मी घाम पुसायलाही लांब जात होतो.

तेवढ्यात गल्लीत टँकर आला. सौ. आणि अश्विनी घागरी घेऊन पळाल्या. इकडे लाईट गेली. फ्रिज बंद, जून महिना, पावसाचा पत्ता नाही. भोकं पाडलेले तुकडे घामेजले आणि एकमेकांना चिकटायला लागले. तेहेतीसचे बघता बघता एकोणतीस झाले! मी ते सोडवले, तर पुन्हा चिकटले. आमच्या घरात काहीही चिकटायला लागलं की जे करतात, तेच मी केलं. पोळपाटाजवळचा स्टीलचा डबा उघडला, चिमूटभर पिठी घेतली, आणि सगळ्या तुकड्यांवर हलकेच भुरभुरली. तुकडे कसे सुटे झाले! मी समाधानाने हात झटकले.

पाट मांडला, ओवाळणं झालं, सौ.नी ताट जावईबापूंच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा उजळला. “चीज? वाणात?” त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. “वा मामा! वरून काय आहे, पिठीसाखर का?”

“छे हो! पिठी आहे. घरची. उदगीरहून आणलेला बन्सी गहू!”

हे मी छाती पुढे काढून बोललो. शेवटचा शब्द माझ्याच कानात शिरला, तेव्हा छाती आपोआप मागे आली.

जावईबापूंचा जबडा जागच्या जागी थांबला.

“थुंक!” अश्विनी किंचाळली.

“टब आना!” सौ. ओरडल्या.

मी टब आणला, तांब्या आणला, दुसरा तांब्या आणला. जावईबापूंनी चुळा भरल्या. एक, दोन, पाच, अकरा! नुकताच टँकरवरून भरलेला हंडा माझ्या डोळ्यांदेखत टबात गेला, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मला फक्त तो तुकडा बाहेर यायला हवा होता.

“गिळलं नाही मी,” ते शेवटी म्हणाले. “बहुतेक.”

“बहुतेक?” आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

मग वाट पाहणं सुरू झालं. अश्विनी माझ्याशी बोलेना. जावईबापू खुर्चीत, आणि आम्ही समोर ओळीने, त्यांच्या पोटाकडे बघत. त्यांनी पाय हलवला की मी अर्धा उठायचो. एकदा ते उभेच राहिले.

“कुठे निघालात?”

“पंखा लावतो.”

“लाईट नाही. बसा, बसा!”

त्या काळजीत माझे हात मोकळे राहिनात. शेजारी ताट होतं. “इतकं महागाचं चीज टाकायचं का?” मी विचारलं. सौ. म्हणाल्या, “तुमीच पीठ लावलं, आता तुमीच संपवा.” त्या रागाने बोलल्या होत्या, मी ते जबाबदारी म्हणून घेतलं. जावयाचा चेहरा न्याहाळत एक खायचा, घड्याळ बघत दुसरा खायचा. चार वाजेपर्यंत ताट रिकामं झालं. बत्तीस तुकडे! आयुष्यात त्याआधी चीज मी एकूण दोनदा खाल्लं होतं.

पाच वाजता जावईबापू हसले. “मामा, मी अगदी ठीक आहे. काही होत नाहीये.”

मला इतका आनंद झाला की मी उठलो, त्यांना मिठी मारायला दोन पावलं टाकली, आणि तसाच वळून संडासात गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तेही थोडक्यात आवरलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या ड्रममध्ये तळाचंच पाणी होतं, ते दुसऱ्या खेपेला संपलं. दुसरा ड्रम रात्री आठापर्यंतही पुरला नाही. मी आत, आणि बाहेर जावईबापूंचा शांत आवाज. “मामा, बादली ठेवलीय. अजून एक आणतो.” कुठून आणत होते? गल्लीतून! पहिल्या धोंड्याला आलेला जावई हातात बादली घेऊन घरोघरी सांगत होता, “आमच्या सासऱ्यांचं पोट जरा बिघडलंय.” कुणी अर्धी दिली, कुणी पाऊण. पाण्याच्या त्या वर्षात गल्लीने माझ्यासाठी एवढं केलं, आणि कारण प्रत्येकाला तपशीलवार माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. अश्विनी आता बोलत होती, म्हणजे हसत होती. दारात जावईबापू माझ्या पाया पडायला वाकले, तेव्हा मी त्यांना वरच्यावर धरलं. “अहो, नका. खरं तर मीच तुमच्यापुढे वाकायला पाहिजे,” मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो. फक्त वाकलो नाही. पोटाचा अजून भरवसा नव्हता!