पहिल्या नंबरचे सांडगे

जिथे आकडाच नव्हता, तिथे फार मोठा आकडा आहे असं मी समजलो आणि तसं वहिनीला सांगून मोकळा झालो.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भिलाईत स्टील प्लांटच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये ती वर्षानुवर्षं सांडगे, कुरडया, सरगुंडे अशी वाळवणं करून विकत आली. गिऱ्हाईक म्हणजे आमचीच, विदर्भातून इकडे येऊन राहिलेली मंडळी. त्या वर्षी दादा प्लांटमधून रिटायर होणार होता, म्हणजे क्वार्टर सुटणार होतं. पुतण्या नागपूरहून दर रविवारी फोन करायचा, "बस झालं आता, इकडेच या." वहिनीला जायचं नव्हतं. दुर्गला मोहन नगरात मोठ्या गच्चीचं एक घर तिनं हेरून ठेवलं होतं. ते भाड्यानं घ्यायचं आणि धंदा वाढवायचा. पुतण्यानंच हौसेनं तिला वेबसाइट करून दिली होती आणि आता तोच विचारत होता, "पण आई, ती बघतं कोण?"

"मी मोजून देतो," असं मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. मीटर बसवणं, मीटर तपासणं यात नोकरी गेली. दादाच्या आधीच स्वेच्छेनं घरी बसलो होतो आणि घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. वेबसाइट मोजायची रीत मी दोन दिवसांत शिकलो. लोक सर्चमध्ये कोणते शब्द टाकतील ते ठरवायचे. त्या शब्दांना आपली साइट कितव्या नंबरवर येते ते पाहायचं. मग तो शब्द महिन्याला किती लोक टाकतात हे सांगणारी एक फुकटची साइट असते, तिथला आकडा घ्यायचा. त्यावरून आपल्याकडे फुकटात किती लोक येऊ शकतील त्याचा अंदाज निघतो. मीटर वाचण्याइतकंच सोपं.

मी शब्द टाकला, 'सांडगे भिलाई'. वहिनी पहिल्या नंबरवर. 'कुरडई दुर्ग'. पहिल्या नंबरवर. 'सरगुंडे भिलाई'. इथे तर वहिनीशिवाय दुसरं कोणी नव्हतंच.

आता मी काही इतका भोळा नाही. आपण रोज उघडतो ती साइट आपल्याच फोनवर वर दिसते, हे मी वाचलं होतं. म्हणून दुसऱ्यांचे फोन तपासायचे ठरवले. आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेच्या तोंडाशी उभा राहिलो आणि येईल त्याला म्हणालो, फोन काढा, सर्च करा 'सांडगे भिलाई'. लोक एका हातात शिरा, दुसऱ्या हातात फोन घेऊन सर्च करत होते. एक बाई चिडल्या, "अहो, प्रसाद तरी खाऊ द्या नं! सांडगे पाहिजे असले तर मी वहिनीले फोन करते, सर्च कायले करू?" या वाक्यात माझ्या सगळ्या संशोधनाचं उत्तर होतं. मी ते ऐकलं आणि पुढच्या माणसाचा फोन मागितला.

प्रत्येक फोनवर वहिनी पहिली!

राहिला शेवटचा आकडा, किती लोक शोधतात तो. त्या फुकटच्या साइटवर आमच्या शब्दांपुढे आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या. आमच्याकडच्या मीटरवर अशा रेघा आल्या की त्याचा एकच अर्थ, माप मीटरच्या ताकदीबाहेर गेलं. भट्टीजवळ एखाद्या मीटरवर रेघा दिसल्या की आम्ही धावत सुटायचो. इथे धावायचं काही नव्हतं, म्हणून बसल्या जागी आनंद झाला. वहिनीला म्हणालो, "मोजता येत नाही इतके लोक आहेत."

वहिनीनं त्याच दिवशी घरमालकाला हो म्हटलं.

पुतण्याला मी रेघांचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"काका, ये क्या है? रेघ म्हणजे काहीच नाही. कोणीच शोधत नाही म्हणून आकडा नाही."

"असं कसं? आमच्याकडे रेघ म्हणजे..."

"काका, ती भट्टी नाही."

वहिनी शेजारीच बसली होती. तिनं फोन हातात घेतला. पुतण्या तिला म्हणाला, "ठीक आहे, तू घर घेऊन राहिली, घे. पण होळीपर्यंत मले एक तरी अनोळखी गिऱ्हाईक दाखव. मंडळातल्या मावश्या धरायच्या नाहीत. नाही दिसलं तर सामान नागपूरला."

वहिनी हो म्हणाली.  

सामान मोहन नगरात गेलं. थंडी पडली, कोहळे आले, गच्चीवर सांडग्यांची वाळवणं पसरली आणि वेबसाइटवर कुत्रं फिरकेना. रोज किती लोक आले ते दाखवणारं एक पान असतं. मी ते सकाळी चहाआधी उघडायचो. एखाद्या दिवशी पाहणारे वाढलेले दिसले की अंगात बळ यायचं. मग आठवायचं की काल मी फोनवरही पाहिलं होतं आणि दादाच्या कॉम्प्युटरवरही. माझंच माप मी मोजून राहिलो होतो.

बायको हे सगळं शांतपणे बघत होती. ती रायपूरची, तिथल्याच जुन्या मराठी घरातली. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं काय चाललंय ते मले समजत नाही, पण इथं सांडगे म्हणतं कोण? आपली वीस-पंचवीस घरं. त्यांच्याजवळ वहिनींचा नंबर आहे. बाकी सगळे रखिया बड़ी म्हणतात."

कोहळ्याला इथे रखिया म्हणतात आणि सांडग्याला बड़ी, हे मला काय माहीत नव्हतं? जन्मभर बाजारात रखिया मागूनच कोहळा आणला. पण सर्चमध्ये शब्द टाकताना मी पुन्हा आमच्या मूळच्या वर्ध्याचा झालो. 'रखिया बड़ी' टाकून पाहिलं. रेघांच्या जागी चांगला ठणठणीत आकडा होता. आमची साइट मात्र पहिल्या पानावर नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. मोठमोठी दुकानं, त्यांच्या खाली रेसिपी सांगणाऱ्या बाया, त्यांच्या खाली कोहळ्याचे औषधी गुण. आम्ही कुठे होतो ते शोधता शोधता माझं बोट दुखलं.

पुतण्याला सांगून साइटवर हिंदी नावं घातली. मग रोज नंबर पाहणं सुरू. एका दिवशी पाचव्या पानावर, दुसऱ्या दिवशी गायब, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाचव्यावर. का वर गेलो ते कळेना, का खाली आलो तेही कळेना. मीटर बिघडला तर निदान उघडून तरी पाहता येतो. इथे उघडायचं काय? वहिनी विचारायची, "भाऊजी, कुठवर आलो?" मी म्हणायचो, "चौथ्या पानाच्या तोंडाशी." ती म्हणायची, "चौथं पान उघडते कोण?" आमची साइट शोधणं सोडलं तर मी स्वतःही कधी दुसरं पान उघडलं नव्हतं.

होळी तोंडावर आली. एका दुपारी मोहन नगरात वहिनीच्या गच्चीवर बसलो होतो, तर माझा फोन वाजला. साइटवर नंबर माझाच दिला होता, म्हणजे किती फोन येतात ते मला मोजता येईल.

"रखिया बड़ी आप ही के यहाँ मिलती है ना?" अनोळखी बाई. रायपूरहून.

 मी विचारलं, "मॅडम, आपने सर्च में क्या लिखा था?"

"जी?"

"मतलब, 'रखिया बड़ी' लिखा था या 'रखिया बड़ी भिलाई'? हम कौन से पेज पर दिखे? आपने मोबाइल पर देखा या..."

"भैया, बड़ी है कि नहीं है?"

"है, है. बस इतना बता दीजिए, ऊपर से कितने नंबर पर..."

फोन कट झाला.

वहिनी वाळवणं उलटवत होती. हात तसेच पिठाचे. "कोण होतं?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो. "अनोळखी."

"मग? किती पाहिजे म्हणे?"

मी काय झालं ते सांगितलं. तिनं हात पदराला पुसले, माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि तोच नंबर लावला. "हाँ दीदी, नमस्ते. वो हमारे देवर हैं, उनका बुरा मत मानना. हाँ, आज ही की सूखी हुई है. कितनी भेजूँ?" दोन मिनिटांत रखिया बड़ी ठरली, वर कुरडयाही ठरल्या, आणि त्या बाईच्या नणंदेलाही हव्यात असं निघालं. मग तिनं त्याच फोनवरून नागपूरला लावला आणि पोराला एवढंच म्हणाली, "रायपूरची आहे. मी तिले ओळखत नाही. सामान इथंच राहीन."

फोन बंद केला, पण परत दिला नाही. मी हात पुढे करून उभा होतो.

"हा आता माह्याजवळ राहीन, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुम्ही मोजत बसा, पण गिऱ्हाइकाशी बोलू नका."