आत बसलेला पांढरा

गेलेलं परत येत नाही, हे मी पन्नाशीनंतर फार गंभीर चेहऱ्याने सांगू लागलो होतो. परवा संध्याकाळी शेजारच्या सामंतांनी कुंपणावरून हाक मारली. "या जरा. ती आलीय."

धुण्याच्या दगडाशी पांढरी गुलबक्षी फुलली होती.

त्यांच्या पत्नीने, मालतीबाईंनी, एकदा पांढऱ्या गुलबक्षीचे पराग कापसाच्या बोळ्याने लाल फुलाला लावले होते आणि खूण म्हणून देठाला जुन्या साडीचा दोरा बांधला होता. त्या बियांतून सगळी झाडं गुलाबी निघाली. "बुडाला तुझा पांढरा," सामंत हसले होते.

"बुडाला नाही, आत बसलाय. या गुलाबीच्या बिया पेरा, मग कळेल."

त्यांनी पेरल्या नाहीत. मालतीबाई गेल्या, पाण्यावाचून बागही गेली. यंदा फडताळात त्यांनी जपलेली गुलाबीच्या बियांची पुरचुंडी सापडली, तेव्हा मिरी समजून सामंत त्या बिया कुटायलाच बसले होते. पुरचुंडीला बांधलेला तोच साडीचा दोरा दिसला म्हणून थांबले.

"पाचला उमलते. तिच्या चहाच्या वेळेला," ते म्हणाले. मीही नकळत आवाज खाली आणला. एखादा रंग पिढीभर कुणाला न दिसता घरात राहू शकतो, हे कळल्यावर माणूस जपून बोलतो.

गुलाबी गुलबक्षीच्या बियांतून साधारण चारात एक झाड पांढरं निघतं. सामंतांनी आठ पेरल्या होत्या. दुसरं पांढरं झाड मोरीच्या पाइपाशी आहे. त्याच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.