पेडव्याचे काटे

लहानपणी आम्हा दोघा भावंडांना पेडवे फार आवडायचे आणि त्यांचे काटे काही काढता यायचे नाहीत. त्या माशात खायला थोडं, काटेच जास्त. आई तुकडा आपल्या तोंडात घ्यायची, जिभेने काटे शोधून एकेक बाहेर काढायची आणि उरलेला मऊ घास आधी दादाला, मग मला भरवायची. आचऱ्यात आमच्या वाडीतल्या सगळ्याच आया हेच करायच्या. आमच्या घशात कधी काटा अडकला नाही.

दादा गेल्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो "पित्त आसा" म्हणत कोकमाच्या आगळाचं पाणी पीत राहिला आणि आम्हीही ते पित्तच समजलो. तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही. दिवसकार्य झालं, शाळा सुरू झाली, मी वर्गावर गेले. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं.

मग माझ्याही पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून गोव्याला जाऊन दुर्बीण घालून घेतली. कॅन्सर नव्हता, जंतू होता. डॉक्टरबाईंनी कागदाच्या पाठीवर जठराची भिंत काढून दाखवली. हा जंतू भिंतीवरच्या चिकट थरात लपून बसतो. शरीराला सुगावा लागतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, पण तो त्यांच्या हाती पुरता लागत नाही. आणि त्या परतही जात नाहीत. वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून मारा करत राहतात आणि त्यात आपलीच भिंत सोलवटते. बहुतेकांना याचा काही त्रास होत नाही, काहींना अल्सर होतो, फार थोड्यांचं कॅन्सरवर जातं.

पांढऱ्या पेशी म्हणजे आपले सैनिक, असं मी सातवीला शिकवते. सैनिक घरातच लढून घर पाडतात, हे पुस्तकात नाही. ऐकून मला भीतीसुद्धा वाटली नाही.

"हा बहुधा लहानपणी घरातल्यांकडूनच येतो," त्या म्हणाल्या. "आईचीही तपासणी करून घ्या."

म्हणजे आईला सांगणं आलं. मी जंतूचं सांगितलं, दादाचा विषय काढला नाही.

"तो येता खंयसून?" तिने विचारलं.

"लहानपणी, घरातल्यांच्या तोंडातसून," मी वर्गात उत्तर द्यावं तसं सांगून टाकलं. 

तिच्यातही जंतू निघाला. दोघींनी दोन आठवडे गोळ्या घेतल्या. माझं तोंड तांब्याचा पैसा चघळल्यासारखं कडू झालं. आमटी काय, माशाचं तिखलं काय, सगळं सारखंच. मी निमूट जेवून उठायचे. पुढच्या तपासणीत दोघींचाही जंतू गेलेला निघाला, तोंडाचा कडूपणाही गेला, तरी जेवणाला चव येईना. माझी जीभच मेली असं मी धरून चालले. बाकीचं मेलंच होतं.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात उभी होते. आईने मीठ बघायला पळीतला रस तळहातावर घेतला. तिची ही जन्माची सवय. हात तोंडापर्यंत नेला, थांबली, आणि रस मोरीत टाकून हात धुतला. इतके दिवस ती चाखतच नव्हती. मीठ अंदाजाने पडत होतं आणि मी ते मुकाट गिळत होते.

"आये, चाख मगे. जंतू गेलो आता."

"नको गो. तुका परत लागात."

मी तिचा ओला हात धरला, त्यावर पळीतला रस घातला आणि चाटला. अळणी होता.

"मीठ घाल," मी म्हटलं.

तिने मिठाचा डबा उघडला नाही. माझ्याकडे वळली.

"दादाक पण मियाच दिलंय मा?"

कुणाला कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य मला पाठ होतं. ते बोलायला तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला, वर्षभर न आलेला. आई माझी पाठ चोळत राहिली.