नसीमभाभी आणि तहानलेल्या बॅगा

नसीमभाभी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात अर्धा खाल्लेला खजूर होता. आम्ही बुरैद्याच्या खजूर बाजारात उभे होतो. ऊन डोक्यावर आलं होतं, गाड्यांच्या मागच्या फाळक्यांवर खोकीच्या खोकी उघडी पडलेली, आणि मी एकेक खजूर दाबून, चाखून बघत होते. कारण भाभींनी बजावलं होतं, ‘‘वैनी, सुक्करी आणाल तर नरम बघून आणा. गेल्या टायमाला दगड आणलेले तुम्ही.’’ तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, सनाचा, निरोप आला. ‘‘आंटी, मम्मी नहीं रही. फज्र की नमाज के बाद लेट गई थी... उठी ही नहीं.’’ मी तो निरोप दोनदा ऐकला. समोरचा म्हातारा विक्रेता ‘हे खोकं देऊ की ते’ असं हातानं विचारत होता. मी सगळ्यात नरम खोकं घेतलं. आता ते कोणासाठी, हा विचार मागाहून आला.

रियाधपर्यंतचे साडेतीन तास ते खोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना धुळीनं पांढुरकं झालेलं वाळवंट, आकाश आणि जमीन यांच्यातली रेघ पुसलेली. गाडी चालते आहे की जागच्या जागी तरंगते आहे, हे कळू नये असा तो प्रवास होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारनंतरची, अस्रची नमाज होऊन पुरुषमंडळी कबरस्तानाकडे निघूनही गेली होती. त्यामुळे माझी आणि भाभींची शेवटची भेट आदल्या आठवड्यातलीच ठरली. त्या दिवशी त्या आपली बोटं चोळत म्हणाल्या होत्या, ‘‘खजूर घेऊन या, मग माझी बॅग तुमच्या हवाली. माझ्याच्यानं आता सुई नाय धरवत.’’

आमची ओळख अकरा वर्षांपूर्वीची, शाळेच्या फाटकाबाहेरची. माझा नवरा इथल्या एका बँकेच्या आयटी विभागात. मी पुण्यातली बँकेचीच नोकरी सोडून त्याच्या मागोमाग आलेली. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, माझी ओळख ‘पत्नी’ एवढीच, आणि दुपारी तर संपता संपायच्या नाहीत. माझी मुक्ता आणि त्यांची सना एकाच वर्गात होत्या. एक दिवस बसची वाट बघत उभी असताना, काळ्या अबायातली एक ठेंगणी बाई माझ्या खांद्याकडे टक लावून बघत होती. मग सरळ जवळ येऊन म्हणाली, ‘‘मराठी ना तुम्ही? वैनी, तुमची बॅग तहानलीय.’’ माझ्या आईनं मला पहिल्या पगाराच्या दिवशी दिलेली ती बॅग. रियाधच्या कोरड्या हवेनं तिच्या कडांना भेगा पडल्या होत्या आणि मी ती टाकून देण्याच्या बेतात होते. भाभींनी ती माझ्या खांद्यावरून अक्षरशः काढून घेतली. आठ दिवसांनी परत दिली तेव्हा मला माझी आई आठवली, आणि मी त्या फाटकाबाहेरच रडले. ओळख झाली ती अशी.

भाभी रत्नागिरीच्या बाजूच्या, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांचे वडील होडीवर. दर वर्षी होडी किनाऱ्यावर ओढून तिला माशाचं तेल पाजायचे, तेव्हा लहानगी नसीम चिंधी घेऊन मागे मागे. ‘‘बाबा बोलायचे, लाकूड ओरडत नाय, म्हणून त्याला तहान नाय असं समजू नको.’’ लग्न होऊन रियाधला आल्यावर त्यांच्या नवऱ्यानं, इब्राहीमभाईंनी, इथल्या जुन्या बाजारातून, हराजमधून, त्यांना एक वापरलेली चामड्याची बॅग आणून दिली. चॉकलेटी रंगाची, सुकून कडक झालेली. भाभींनी ती बोटांनी दाबली आणि त्यांना होडी आठवली. तिथून हा उद्योग सुरू झाला. आधी शेजारणींच्या बॅगा, मग शाळेतल्या बायांच्या, मग कुणाकुणाच्या.

त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत मी किती दुपारी काढल्या असतील! खिडकीच्या काचेला उन्हासाठी तपकिरी कागद चिकटवलेला. त्यातून येणारा उजेड चहासारखा. एसीची एकसुरी घरघर, चामड्याच्या साबणाचा आणि मेणाचा वास, आणि पलंगावर, फळीवर, खाली चटईवर बसलेल्या बॅगा. पोटात जुन्या उशांचे अभ्रे भरून त्यांना आकार दिलेला असायचा. जेवण जड झालं की मला तिथे पेंग यायची, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की या सगळ्या बाया आहेत, कुठून कुठून आलेल्या, आणि आपण काय बोलतो ते ऐकताहेत. डोळे उघडले की भाभी तिथेच, जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून हळूहळू, गोल गोल... कधी कधी मला आजही कळत नाही, त्यातलं किती घडलं आणि किती मी पेंगताना पाहिलं.

त्यांचे नियम मात्र पक्के होते. बॅग आली की पहिल्या दिवशी तिला हात लावायचा नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर तोंड उघडून ठेवायची. ‘‘वाट चालून आलीय. आधी बसू दे तिला.’’ आणि दुसरा नियम असा, की काय काढायचं हे कुणाला विचारायचं नाही. ते आपल्याला दिसतंच. विचारायचं ते, काय ठेवायचं. मालकीण जे सांगेल ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी हिरव्या दोऱ्यानं बॅगेला बांधायची. मला हे सुरुवातीला फारच लाडाचं वाटायचं. मी पुण्याची, त्यात आईकडून आलेलं स्वच्छतेचं वेड. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. ‘‘भाभी, डाग तो डाग. त्यात ठेवायचं काय?’’ असं मी म्हणायचे आणि त्या नुसत्या हसायच्या.

शिकवलं मात्र सगळं. आधी दडलेल्या कोपऱ्यात क्रीम लावून बघायचं, रंग कसा कालवायचा, मेणाचा दोरा कसा ओढायचा. माझे पहिले टाके त्यांनी स्वतःच्या बॅगेवर घालायला लावले. तीच ती चॉकलेटी, हराजमधली. पट्ट्याच्या कडीजवळ सात टाके. तिसरा असा तिरपा गेला की मी ‘उसवा, उसवा’ म्हणून मागे लागले. त्या म्हणाल्या, ‘‘बघू मग.’’ ते मग कधी आलंच नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. उम्म सालेह, म्हणजे ‘सालेहची आई’, म्हणून ओळखली जाणारी एक सौदी बाई भाभींकडे यायची. शाळेत इंग्रजी शिकवणारी, पन्नाशीची. तिच्याच ओळखीनं आणखी कितीतरी शिक्षिका आल्या होत्या. तिनं आपल्या वारलेल्या आईची बॅग आणून दिली. बाहेरून काळी, आतून फिकट. त्याच दिवशी भाभींना भाच्याच्या साखरपुड्यासाठी अबकैकला भावाकडे जावं लागलं. जाताना घराची किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या, बाकीच्या दोन बॅगांना क्रीम लावायला. उम्म सालेहची बॅग खुर्चीवर बसलेली होती. चिठ्ठी होती, हिरव्या दोऱ्यासकट. पण भाभी शिकलेल्या उर्दू शाळेत. मराठी त्यांना येत होतं तरी हात उर्दूतच चालायचा, आणि मला उर्दूचं एक अक्षर वाचता येत नाही. एरवी त्या चिठ्ठी वाचून दाखवायच्या. फोन करून विचारता आलं असतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा नारिंगी डाग होता. मी साबण लावला, हटेना. मग अगदी बारीक पॉलिश पेपरनं घासलं, रंग कालवला, तीन हात दिले. जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सुबक काम. दोन दिवसांनी भाभी परत आल्या, झाकण उघडलं, आणि तशाच चटईवर बसल्या. मग चिठ्ठी माझ्यासमोर धरून वाचली, ‘‘झाकणातली मेंदी ठेवायची.’’ सालेह लहान असताना ईदच्या आदल्या संध्याकाळी आजीकडे चॉकलेट मागत होता. आजीच्या हातांवरची मेंदी ओली होती. नातवासाठी तिनं तशाच हातानं बॅग उघडली. त्या बाईचा एवढा एकच ठसा जगात उरला होता... आणि मी तो घासून काढला.

उम्म सालेह आली तेव्हा मी कॉफीचा ट्रे घेऊन दारातच थबकले होते. तिनं झाकण उघडलं. आतल्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग मान वर केली. भाभी आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाल्या, ‘‘माझ्या हातून झालं. मला माफ करा.’’ मी तोंड उघडायला हवं होतं. दोन पावलं पुढे व्हायला हवं होतं. ट्रेमधले पेले किणकिणत होते, तेवढाच माझा आवाज. ती बाई बॅग उचलून गेली, आणि तिच्यामागोमाग तिच्या ओळखीच्या सगळ्या जणीही यायच्या थांबल्या.

भाभी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. मी रडायला लागले तर म्हणाल्या, ‘‘खलास, वैनी. चहा टाका.’’ पण त्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठ्या दोन लिप्यांत यायला लागल्या. वर उर्दू, खाली मराठी. शाळेतल्यासारखी मोठाली, हलती अक्षरं. बोटं दुखत असली तरी दोन्ही लिहायच्या. ‘उम्म सालेहला खरं सांगू या’ असं मी अधूनमधून म्हणायचे, आणि त्या ‘बघू मग’ म्हणाल्या की मला सुटल्यासारखं वाटायचं. ते सुटल्यासारखं वाटणंच मला आता लाजवतं.

भाभी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, भेटायला येणाऱ्या बायकांमध्ये, उम्म सालेह आली. चार वर्षांनी. सनाला जवळ घेतलं, तिच्यासाठी दुआ केली आणि भिंतीशी बसली. मी बुरैद्याच्या खजुरांचं ताट फिरवत होते. तिच्यासमोर वाकले आणि मला पुढे जाता येईना. मी तिथेच खाली बसले आणि इंग्रजीत सांगितलं. चिठ्ठी होती, मला वाचता येत नव्हती, मी विचारलं नाही, तो ठसा मी घासला. नसीमभाभी तेव्हा या शहरातही नव्हत्या.

ती अगदी हळू म्हणाली, ‘‘चार वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. दोनदा बाजारात दिसली, मी तोंड फिरवलं.’’ मग म्हणाली, ‘‘हे तू मागच्या आठवड्यात सांगितलं असतंस तर...’’ तिनं ताटातला एक खजूर घेतला, हातात धरून बसली, उठताना रुमालात गुंडाळला आणि गेली. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मध्यंतरी मला एकदा दुपारी भाभी दिसल्या. त्यांच्या बाबांची होडी त्या तपकिरी उजेडात खोलीच्या मधोमध ओढून ठेवलेली, आणि भाभी तिला तेल पाजताहेत. मी चिंधी मागितली तर म्हणाल्या, ‘‘आधी बसू दे तिला.’’ जाग आली तेव्हा बेल वाजत होती. दारात सना होती. हातात ती चॉकलेटी बॅग.

‘‘मम्मीने आपके लिए रखी थी, आंटी. बोलली होती, वैनीच करतील,’’ ती हिंदी-मराठीच्या तिच्या मिसळीत म्हणाली. चामडं खरंच तहानलं होतं. हात लागून लागून पट्टा मधोमध काळा पडला होता. कडीजवळ माझे सात टाके जसेच्या तसे. आणि हिरव्या दोऱ्याला चिठ्ठी, दोन लिप्यांतली. मराठीच्या ओळी खाली उतरत गेलेल्या: ‘पट्ट्याचा काळा रंग ठेवायचा. वैनींचा तिसरा टाका तिरपा हाय. तो ठेवायचा.’

सना गेल्यावर मी ती बॅग खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली, तोंड उघडून. साबण काढून ठेवला आहे, क्रीम आहे, जुनी बनियन फाडून ठेवली आहे. मुक्ता रोज विचारते, ‘‘आई, व्हेन विल यू स्टार्ट?’’ पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, असं मी तिला सांगते. तो पहिला दिवस अजून चालूच आहे.